रद्दी, किताब आणि सावित्रीचे पाणी

महाड-पोलादपुरात जुन्या पुस्तकांचे असे वेगळे दुकान आमच्या पाहण्यात कधी आले नाही. आहे ती रद्दी. तिच्याकडे पुस्तके जातात ती किलोच्या भावाने आणि बाहेर पडतात ती शेंगदाण्याच्या पुड्या होऊन. तरीही आम्हा दोघा-तिघा मित्रांना जुनी पुस्तके उपसण्याचा नाद लागला तो महाडातच. बाजारपेठेतल्या एका गुदामात वर्तमानपत्रांच्या थप्प्यांमागे वह्या-पुस्तकांचे गठ्ठे पडलेले असत. मालक भला माणूस. तो एकच अट घालायचा, "बघायचं तेवढं बघा, पण सोडलेला गठ्ठा परत बांधून ठेवा." त्या अटीवर आम्ही शाळकरी वयापासून कितीतरी दुपारी तिथे काढल्या.

या नादातला आनंद ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. नव्या दुकानात माणूस मनात ठरवलेले पुस्तक मागतो, मिळाले की पैसे देऊन निघतो. जुन्या गठ्ठ्यापुढे बसले की आपण काय शोधतो आहोत हेच ठाऊक नसते. दहावीची मार्गदर्शके, दिवाळी अंक, विम्याची डायरी, मुखपृष्ठ गेलेली कादंबरी असे करत हात खाली जातो आणि अचानक एखादे पान आपल्याला धरून ठेवते. पुस्तकापेक्षा पुस्तकावरचे लिहिलेलेच पुष्कळदा जास्त बोलते. कुणी कुणाला कधी भेट दिले, कुठल्या शाळेत बक्षीस मिळाले, कुणी उधार नेले आणि परत केले नाही. आमच्या भागातल्या पुस्तकांवर तर एक खूण हमखास सापडते. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या गोल शिक्क्यात खाली 'जि. कुलाबा' असे असते. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली, बॅ. अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना. हा मुख्यमंत्री याच सावित्रीकाठच्या आंबेतचा. तेव्हा 'कुलाबा' दिसले की पुस्तक १९८१ पूर्वीचे, एवढा इतिहास आम्ही रद्दीच्या गुदामात उभ्या उभ्या शिकलो.

पुढे शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने आमच्यातले काही वरंधा घाटाने पुण्याकडे गेले, काही मुंबईला. पुण्यात अप्पा बळवंत चौक होता. मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ होता, माटुंग्याला किंग्ज सर्कलची रांग होती आणि काळबादेवी रस्त्यावर 'न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप' होते. जमालभाई रतनसी यांनी १९०५ मध्ये सुरू केलेले हे दुकान शंभरी ओलांडून २०११ च्या सुमारास बंद झाले. फाउंटनच्या विक्रेत्यांना महापालिकेने २००५ मध्ये उठवले. पुढे त्यांतले काही परत येऊन बसले, पण पूर्वीची ती भिंतीएवढी रास गेली ती गेलीच. भेंडीबाजार आणि मोहम्मद अली रोडच्या उर्दू किताबघरांची तर एक वेगळीच दुनिया होती. तिथे नव्या-जुन्याची सीमाच नसे. तीस वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक नवे म्हणून कपाटात उभे असायचे आणि दुकानदार चहा पाजून त्याची कूळकथा सांगायचा.

हा नाद मुसलमानांना परका नाही, किंबहुना आपल्या पूर्वसूरींनी तो थाटामाटाने केला आहे. बगदाद, बसरा, बुखारा, कुर्तुबा या शहरांत किताबवाल्यांचे, म्हणजे वर्राकांचे स्वतंत्र बाजार असत. नवव्या शतकातला बसऱ्याचा लेखक अल्-जाहिझ याच्याविषयी सांगतात की, पुस्तके विकत घ्यायची ऐपत नसताना तो वर्राकांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेई आणि आत बसून वाचत राही. इब्न अन्-नदीम हा स्वतःच किताबवाला. डोळ्यांखालून गेलेल्या आणि कानांवर आलेल्या ग्रंथांची त्याने इ. स. ९८७ मध्ये 'अल्-फिहरिस्त' ही सूची केली. त्या सूचीतले कितीतरी ग्रंथ आज जगात कुठेच नाहीत. ते एकेकाळी होते हे आपल्याला कळते, ते एका पुस्तकविक्याने नावे लिहून ठेवली म्हणून.

इब्न सीनाची गोष्ट तर प्रत्येक जुन्या पुस्तकाच्या दुकानात फ्रेम करून लावावी अशी आहे. त्याने आपल्या आत्मकथनात ती स्वतःच सांगितली आहे. कोवळ्या वयात त्याने ॲरिस्टॉटलचा तत्त्वमीमांसेवरचा ग्रंथ चाळीस वेळा वाचला. तोंडपाठ झाला, पण अर्थ लागेना. त्याने आशा सोडली. एके दिवशी संध्याकाळी बुखाऱ्याच्या किताबबाजारात एक दलाल हातात एक पुस्तक घेऊन ओरडत होता. इब्न सीनाने ते नको म्हणून परत दिले. दलाल म्हणाला की मालकाला पैशांची नड आहे, तीन दिरहमांत देतो. इब्न सीनाने घेतले. ते निघाले अल्-फाराबीचे, नेमके त्याच ग्रंथाचा हेतू उलगडून सांगणारे. घरी जाऊन वाचताच सगळे दार उघडले आणि दुसऱ्या दिवशी त्याने शुक्र म्हणून गोरगरिबांना सदका वाटला. एका नडलेल्या माणसाने विकायला काढलेले ते पुस्तक होते. ते कुणी विकले नसते किंवा कुणी बाजारात आणले नसते, तर? या 'तर'पाशी आम्हाला पुन्हा यायचे आहे.

आता आपल्या महाडकडे वळू. हा मुलूख पुस्तकांच्या बाबतीत दरिद्री आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. प्रत्यक्षात तो ग्रंथांच्या इतिहासात खोल रुतलेला आहे. महाड तालुक्यातच शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधाशी जोडलेली ही जागा विस्मरणात गेली होती. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी जुन्या कागदांचा माग काढत १९३० साली ती पुन्हा उजेडात आणली. पोलादपूरला कवींद्र परमानंदाची समाधी दाखवतात. हा शिवाजी महाराजांच्या पदरचा कवी. त्याने संस्कृतात 'शिवभारत' लिहायला घेतले, ते अपुरेच राहिले. त्याचे हस्तलिखित मिळाले ते पोलादपुरात नव्हे, रायगडावरही नव्हे, तर दूर तंजावरच्या ग्रंथसंग्रहात. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते संपादून १९२७ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे छापले. कवीची माती पोलादपुरात आणि त्याची पोथी कावेरीकाठी. कुणी तरी ती उचलून तिथवर नेली, कुणी तरी सांभाळली, म्हणून वाचली.

१९२७ हे साल महाडकरांना वेगळे सांगावे लागत नाही. ज्या वर्षी पोलादपूरच्या कवीची पोथी छापली गेली, त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली गेली. ती जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता.

मनुस्मृतीच्या दहनाचा निर्णय करणारे बाबासाहेब पुस्तकांवर जीव टाकणारे होते, हे आपण विसरतो. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकत असताना ते पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरत. चरित्रकार धनंजय कीर यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी तिथे सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. ती हिंदुस्थानात आणण्यासाठी एका स्नेह्याकडे दिली आणि त्यांतली बरीचशी हरवली. पुढे १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी आपले सामान पुस्तकांसह दुसऱ्या बोटीने पाठवले, तर महायुद्धाच्या धुमाळीत पाणबुडीने ती बोटच बुडवली. म्हणजे महाडला येण्याच्या दहा वर्षे आधी या माणसाने आपली पुस्तके समुद्राच्या तळाशी जाताना सोसले होते. पुन्हा पै-पै करून त्यांनी संग्रह उभा केला आणि त्याच्यासाठी दादरला 'राजगृह' बांधले. पुस्तकाची किंमत कळलेल्या माणसाने एखादे पुस्तक जाळण्याची वेळ आली असे ठरवले, तेव्हा ते किती विचारांती ठरवले असेल, हे या पार्श्वभूमीवर समजते.

या इतिहासात आपलाही एक कोपरा आहे. २० मार्चच्या दुपारी वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्या खेडुतांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. तेव्हा मार चुकवत पळालेल्या अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी मांडव घालायला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या महाडच्या मुसलमानाने आपली जमीन दिली. बाबासाहेब त्या परिषदेसाठी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून सावित्रीच्या खाडीतून दासगावच्या बंदरावर उतरले आणि तिथून महाडला आले. हे सारे चरित्रग्रंथांत आणि चळवळीच्या इतिहासांत नोंदलेले आहे.

आणि इथेच आमच्या नादाला टोचणी लागली. आम्ही इतकी वर्षे महाडच्या रद्दीत हात घातले. ब्राह्मणांच्या घरांतली पोथ्यांची सुटी पाने मिळाली. गुजराथी व्यापाऱ्यांच्या चोपड्या मिळाल्या. चळवळीच्या पुस्तिका, शेतकऱ्यांचे खंडाचे कागद, मोडी लिपीतली खते मिळाली. मुसलमानाच्या घरातले म्हणून काही मिळावे, तर जवळजवळ काहीच नाही. फत्तेखानांनी जमीन दिली हे आम्हाला दुसऱ्यांच्या पुस्तकांतून कळते. देण्याआधी घरात काय बोलणे झाले, जमातीत कुणी विरोध केला का, ज्यांनी दारे उघडून जखमी माणसे आत घेतली त्या आयाबायांनी पुढे नातवंडांना काय सांगितले, यातले महाडच्या मुसलमानाच्या हातचे लिहिलेले एक पानही आमच्या हाती आलेले नाही.

आपले लोक लिहीत-वाचत नव्हते, असे याचे सोपे उत्तर दिले जाते. हे उत्तर खोटे आहे. कोकणी मुसलमान हा दर्यावर्दी समाज. जहाजाचा नाखुदा हिशेब आणि रोजनिशी ठेवल्याशिवाय जहाज हाकूच शकत नाही. माहीमच्या मखदूम अली फकीहांनी पंधराव्या शतकाच्या प्रारंभी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली. ती १८७८ च्या सुमारास कैरोजवळच्या बुलाकच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. कोकणी मुसलमान मुन्शी मोहम्मद इब्राहिम मकबा यांनी 'तोहफा-ए-एल्फिन्स्टन' हे हिंदुस्थानीचे व्याकरण १८२३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केले. महाराष्ट्र देशी पाहावे तर शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आहे, हुसेन अंबरखानांची गीतेवरची टीका आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकाने जुन्या बाजारात आणि पोथ्यांच्या बाडांत आयुष्य घालवले, म्हणून 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक आपल्या हाती आले. लिहिणारे होते. मग कागद गेले कुठे?

याचा उलगडा आम्हाला दासगावच्या खालच्या अंगाच्या एका गावातल्या वयोवृद्ध चाचांनी केला. त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. घरात जुने कागद, किताबा काही आहेत का, म्हणून विचारले. चाचा हसले. "अरे बाबा, तीन पेट्या होत्या. आमच्या वालिदांचा इंतिकाल झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी होडीत घालून नेल्या नि भरतीच्या पाण्यात ठंड्या केल्या."

'ठंडं करणे' म्हणजे काय हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. मसहफ जीर्ण झाला, शहीद झाला की तो रद्दीत जाता कामा नये, पायदळी येता कामा नये. म्हणून त्याची पाने कापडात बांधून स्वच्छ जागी दफन करतात किंवा वाहत्या पाण्यात, जुन्या विहिरीत सोडतात. यामागचा अदब मोठा आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण त्या तीन पेट्यांत काय काय होते, हे आम्ही खोदून विचारले. चाचा आठवून आठवून सांगू लागले. दोन मसहफ. पंजसूरे. मौलूदाची किताब. मग वालिदांच्या मचव्याची हिशेबाची वही. मुंबईच्या जमातीच्या खोलीतून आलेली पत्रे. कुणा कुणाच्या निकाहाची, मेहेरची नोंद असलेली एक जाड चोपडी. गावात पटकीची साथ आली तेव्हा कोण कोण गेले, त्यांची यादी. शिळाछापाच्या काही कहाण्या. "सगळं उर्दूतच होतं ना," चाचा म्हणाले, "कुठल्या पानावर अल्लाहचं नाव असेल काय सांगावं? आम्हाला थोडंच वाचता येत होतं? सगळंच नेलं."

त्या संध्याकाळी परतताना आम्ही कुणी फारसे बोललो नाही. पोरांची तालीम मराठी शाळेत झाली, उर्दू वाचणारी पिढी मिटली आणि मागे राहिलेल्यांना ती सगळी लिपीच पवित्र वाटू लागली. दुसऱ्यांची कागदपत्रे उपेक्षेने गेली, आपली आदराने गेली. रद्दीत गेलेला कागद निदान कुणाच्या तरी हाताला लागण्याची आशा असते. बुखाऱ्याच्या त्या दलालासारखा कुणी तरी तो बाजारात ओरडत आणतो. पाण्यात सोडलेल्या कागदाला ती आशा नाही. आम्ही ज्या गठ्ठ्यांत आपल्या वाडवडिलांना शोधत होतो, तिथे ते कधी आलेच नव्हते.

यात इतरांना दोष देऊन भागणार नाही. आमच्यापैकी एकाच्या घरी आजोबांचे एक बोचके माळ्यावर होते. नानीच्या पश्चात घर दुरुस्तीला काढले, तेव्हा आम्ही दोघांनीच ते मोटरसायकलवर घालून पोलादपूरच्या पुढे नदीच्या डोहात सोडले. सोडण्यापूर्वी उघडून पाहिलेही नाही. उलट पुण्याचे काम केले म्हणून समाधानाने परत आलो. त्या वेळी आम्ही पुण्या-मुंबईच्या फूटपाथवर दुसऱ्यांच्या आजोबांची पुस्तके घासाघीस करून विकत घेत होतो.

जे आपण सोडले नाही ते सावित्रीने स्वतः येऊन नेले. महाड हे पुराचे गाव. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूरवरून उतरणारी सावित्री, तिला मिळणाऱ्या काळ आणि गांधारी, आणि खालून चढणारी भरती. या सगळ्यांच्या मध्ये बाजारपेठ वसलेली. जुलै २००५ मध्ये पूर आला, दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. २२ जुलै २०२१ ला पुन्हा शहर बुडाले, त्याच दिवशी तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक जीव गेले आणि पोलादपूर तालुक्यातही माणसे दगावली. जिथे माणसे गेली तिथे पुस्तकांचे काय रडायचे, असे मनात येते आणि ते खरेही आहे. पण पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला फिरलो, तेव्हा दारोदार चिखलाच्या ढिगांत गाद्या आणि धान्याबरोबर फुगून फुटलेली पुस्तके, वह्या, फोटोंचे आल्बम, शाळेचे दाखले पडलेले पाहिले. एका बाईने आम्हाला हाक मारून थांबवले. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत भिजलेला लगदा होता. "हे वाळवता येईल का हो? ह्यात आमच्या सासऱ्यांचं लिखाण आहे." आम्ही पाने सोडवायचा प्रयत्न केला. शाई केव्हाच उतरून गेली होती. तिला तसे सांगणे जड गेले.

एक गोष्ट मात्र हातची सुटली नाही, ती सांगून टाकतो. मुंबईला फाउंटनच्या फूटपाथवर एकदा साने गुरुजींच्या 'इस्लामी संस्कृती'ची एक प्रत मिळाली. गुरुजींनी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर मराठीत प्रेमाने लिहिलेले हे पुस्तक. पाठीला डिंकाने चिकटवलेला खाकी कागद, कोपरे कुरतडलेले. पहिल्या पानावर पुसट शिक्का होता. गावाचे नाव वाचता आले नाही, पण खाली 'ता. महाड, जि. कुलाबा' एवढे स्पष्ट होते. आत पाहतो तो काय, समासात जागोजागी पेन्सिलीने उर्दूत टिपणे. मराठी शब्दाखाली रेघ आणि बाजूला त्याचा उर्दू अर्थ. एका ठिकाणी मजकुराशी असहमती दाखवणारे दोन शब्द. शेवटच्या कोऱ्या पानावर मात्र मराठीत, गिरवल्यासारख्या टपोऱ्या अक्षरात, पुस्तक वाचून संपवल्याची तारीख. वाचणाऱ्याने नाव लिहिले नव्हते.

हा कोण असेल, यावर आम्ही कितीतरी रात्री घालवल्या. बोटीवर जाणारा खलाशी? उर्दू शाळेतला मुदर्रिस? मुंबईच्या गोदीतला कुणी कामगार, जो गावच्या वाचनालयाचे पुस्तक घेऊन गेला आणि परत करायचे विसरला? काही असो. महाड तालुक्यातला हा मुसलमान एका हिंदू लेखकाचे पुस्तक मराठीत वाचत होता, अडलेल्या शब्दाचा अर्थ उर्दूत लिहीत होता आणि पटले नाही तिथे नम्रपणे तसे नोंदवत होता. मराठी मुसलमान म्हणजे कोण, यावर आपण परिषदांतून किती बोललो. त्याचा पुरावा आम्हाला पन्नास रुपयांत मिळाला. तो मिळाला याचे कारण एकच. पुस्तक मराठीत छापलेले होते, म्हणून ते कुणी पाण्यात सोडले नाही, रद्दीत दिले.

हे सगळे आम्ही आमच्या ओळखीच्या एका मौलवी साहेबांपुढे मांडले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अदब कलामुल्लाहचा आहे, हदीसचा आहे. लिपीला कुणी पवित्र केलं? उर्दूत तर बनियाचा उधारीचा हिशेबसुद्धा लिहिता येतो. आधी वाचा, ज्याला वाचता येतं त्याला दाखवा, पवित्र पानं बाजूला काढून इज्जतीनं दफन करा. बाकीचं तुमच्या घरचं आहे, ते सांभाळा. निकाहाची नोंद पाण्यात सोडा असं कुठल्या किताबात लिहिलंय?"

तेव्हापासून आम्ही आमचा नाद जरा वेगळ्या दिशेने वळवला आहे. महाड, वहूर, टोळ, दासगाव, पोलादपूर अशा ठिकाणी लग्ना-मय्यतीला जातो तेव्हा माळ्यावर काय आहे हे विचारतो. कुणाचे काही मागून नेत नाही. तिथेच ओट्यावर कापड पसरून बसतो, उर्दू जाणणारा एखादा बुजुर्ग शेजारी घेतो, पाने वेगळी करतो. ज्या पानावर कलाम आहे ते एका बाजूला, घरचे-गावचे कागद दुसऱ्या बाजूला. मोबाइलवर फोटो काढतो, कागद घरच्यांना परत देतो आणि पुराच्या पाण्याच्या रेषेवर, उंच फडताळात ठेवायला सांगतो. आतापर्यंत फार मोठे घबाड लागले आहे असे नाही. बहुतेक हिशेब, काही पत्रे, शाळेच्या वह्या. एका वहीत भाताच्या बियाण्याची उधारी होती आणि घेणाऱ्यांत मराठे, महार, कोळी, मुसलमान सगळ्यांची नावे एकाखाली एक होती. आम्हाला ते पान कुठल्याही शाही फर्मानापेक्षा मोलाचे वाटले.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात वेळ घालवणाऱ्याला लोक रिकामटेकडा समजतात. आमच्याही घरच्यांनी आम्हाला तेच म्हटले. पण फिहरिस्त लिहिणारा तो बगदादचा दुकानदार आठवतो. ग्रंथ वाचवणे त्याच्या हातात नव्हते. ते होते एवढे लिहून ठेवणे हातात होते, ते त्याने केले. आपल्याला तर अजून काही ग्रंथच हाताशी आहेत.

वाचकांकडे आमचे मागणे छोटे आहे. घरात बोचके असेल तर ते नदीवर नेण्यापूर्वी एकदा उघडा. वाचता आले नाही तर ज्याला येते त्याला बोलवा. त्यात कदाचित जुन्या बिलांशिवाय काही नसेल. कदाचित एखाद्या आजीने कुणाला तरी लिहिलेले पत्र असेल, १९२७ च्या मार्चमध्ये दारावर थाप पडली आणि तिने कडी काढली त्या दुपारचे. आम्हाला ते अजून मिळालेले नाही. आम्ही गठ्ठे सोडतो आहोत आणि त्या भल्या माणसाने सांगितल्याप्रमाणे परत बांधून ठेवतो आहोत.